परवापासून

उमरीकर बाई गेल्याचं कळलं तेव्हा त्यांची छत्री माझ्या हातात होती. हैदराबादेत कोठीच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या टपरीसमोर मी उभी होते. आदल्या आठवड्यात बाईंनीच ती माझ्या गळ्यात मारली होती, "काड्या मोडल्यात, शनिवारच्या आत करून आण" म्हणून. म्हाताऱ्यानं ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं. "अम्मा, ये तो परसों की छत्री है, इसकी काड्याँ अब कां मिलतीं?" तरी कुठून तरी शोधून त्यानं त्या बसवल्या होत्या. मी छत्री उघडून, मिटून बघत होते आणि फोनवर आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटात मंगलाचे दोनच शब्द आले... 'बाई गेल्या.'

पाठोपाठ सुधाकरचा प्रश्न. 'कुठे? पुण्याला?' आणि कोणी काही लिहायच्या आत दुसरा, 'या वयात एकट्या कशाला सोडलं त्यांना?' सुधाकर माझा वर्गमित्र. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं, मराठी फडाफडा बोलतो, पण लिहिलेलं मराठी वाचताना अजून अडखळतो. बाईंचा मुलगा पुण्याला असतो, त्या दरवर्षी तिकडे जायच्या, त्यामुळे त्याचंही चुकलं नव्हतं. पण त्या क्षणी मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "सुधाकर, संदर्भासह स्पष्टीकरण दे." टपरीवाला घाबरला. "क्या हुआ अम्मा, बराबर नै बैठी क्या?" मी म्हटलं, बराबर बैठी. आणि उघडी छत्री तशीच डोक्यावर धरून भर उन्हात चालायला लागले.

ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांना सांगायला हवं. सुमित्रा उमरीकर जामबागेतल्या आमच्या मराठी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायच्या आणि शनिवारी शेवटचे दोन तास नाटक. निवृत्त झाल्यावर मराठी सुटलं, संस्कृत सुटलं, शनिवार काही सुटला नाही. नाटकाचं रीतसर शिक्षण त्यांचं शून्य. कॉलेजात एकदा राणी झाल्या होत्या आणि पहिल्याच प्रवेशात नऊवारीत पाय अडकून सेनापतीच्या अंगावर कोसळल्या होत्या, एवढाच काय तो रंगभूमीशी संबंध. हा किस्सा त्या दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला सांगायच्या, साभिनय, पुन्हा पडून दाखवत. पडून झालं की साडी झटकत म्हणायच्या, "हं, आता याच्यापेक्षा वाईट तुमच्याकडून काही होणार नाही. चला, सुरू करा." पोरांची अर्धी भीती तिथंच पळायची.

माझी मात्र पळाली नव्हती. आमचं अंबरपेठला धान्याचं दुकान, आजोबा नांदेडकडून आलेले, घरात काका, काकू, आत्या, सगळे एकाच वेळी बोलणारे आणि एकाच वेळी ऐकून न घेणारे. त्यात मी शेंडेफळ. मला बोलायची कधी गरजच पडली नाही. सातवीत बाई आमच्या वर्गशिक्षिका झाल्या आणि हजेरी घेताना मी जे 'हजर' म्हणत असे ते दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे. वर्गात बसून मी गैरहजर लागत गेले. शेवटी वडिलांना शाळेत बोलावणं आलं, पोरगी शाळा बुडवते म्हणून. वडील मला घेऊन उभे राहिले, बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "तू रोज येतेस?" मी मान हलवली. "मग आवाज कुठं ठेवून येतेस? दुकानात?" वडील हसले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि बाईंनी तिथल्या तिथं फर्मान काढलं की ही शनिवारी नाटकाला थांबेल.

त्या तासाची रीत अशी. शाळेच्या हॉलमध्ये एका टोकाला रंगमंच, त्यावर मुलं. दुसऱ्या टोकाला अगदी शेवटच्या बाकावर बाई. मध्ये छताला एक जुनापुराणा पंखा, खडखड वाजणारा. कितीही थंडी असो, तो चालूच ठेवायचा. "लोक पंखा बंद करून नाटक बघत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. आणि बाईंच्या मांडीवर ती काळी छत्री. रंगमंचावरचं ऐकू आलं नाही की बाई काही बोलायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत... फट्‌कन छत्री उघडायच्या. हॉलच्या दुसऱ्या टोकाला एकदम एक मोठा काळा गोल, त्याच्यामागे बाई गुडूप. ऐकू येईपर्यंत गोल मिटायचा नाही. नव्या मुलाला वाटायचं बाईंना काहीतरी झालं. जुनी मुलं खालून ओरडायची, "छत्री! छत्री!" मी किती शनिवार त्या काळ्या गोलाशी बोलले आहे, मलाच ठाऊक. माझ्या आयुष्यातला पहिला प्रेक्षक म्हणजे ती छत्री.

आवाज तरी सोपा. हातात नसलेल्या वस्तू धरायला शिकणं त्याहून अवघड होतं. बाईंचा सगळ्यांत लाडका धडा होता चहा-बिस्किटाचा. इराणी हॉटेलातला चहा, उस्मानिया बिस्किट, दोन्ही हवेतलं. बशी धरा, कप उचला, फुंकर घाला, बिस्किट बुडवा... आणि ते बुडवता बुडवता तुटून चहात पडलं पाहिजे. "पडलेलं मला हातात नको, डोळ्यात दिसू दे," बाई ओरडायच्या. आम्ही हैदराबादची पोरं, बिस्किट चहात पडण्याचं दुःख आम्हाला शिकवावं लागत नव्हतं. पण सगळं झकास करून मूल आनंदात खाली उतरायला लागलं की मागून प्रश्न यायचा, "कप कुठं गेला?" हातातला कप हवेत सोडून आलेला असायचा! परत वर जायचं, कप नीट खाली ठेवायचा, मग यायचं. ही सवय माझ्या हाडीमाशी भिनली आहे. परवा बँकेत कामाच्या मधे चहा प्यायचा आहे असं नुसतं मनात आलं आणि माझा हात टेबलावर काहीतरी ठेवून मोकळा झाला. शेजारच्या क्लार्कनं माझ्याकडे बघून ऑफिसात काय काय बोलून ठेवलं असेल, देव जाणे.

'परवा' म्हटलं मी. या शब्दाचीच आता गोष्ट सांगायची आहे. आमच्या शहरात 'परसों' म्हणजे मागे कधीतरी. दोन दिवसांपूर्वी असेल, दहा वर्षांपूर्वी असेल. लग्न परसों झालं म्हणतात आणि कडेवर नातू असतो. आम्ही मराठी घरांनी तोच अर्थ उचलून आपल्या 'परवा'वर चढवून टाकला. शाळेत आमच्यासारखी जुनी हैदराबादी पोरं बरीच, आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून आलेल्या घरांतली थोडी. त्या मुलांना आमच्या मराठीचं हसू यायचं. आम्ही 'हो'ला 'हौ' म्हणायचो, 'नको'ला 'नक्को', आणि 'पाणी'चं 'पानी' करायचो. बाईंनी आमच्या 'ण'साठी एक वाक्यच रचलं होतं, 'ताणून ताणून आणलेलं पाणी राणीनं आणि ठाणेदारानं सांडलं', ते म्हणता म्हणता आमची जीभ टाळूला चिकटायची. पण 'हौ' आणि 'नक्को'ला त्यांनी कधी हात लावला नाही. उलट पुण्याच्या एका मुलाला नाटकात वाड्यावरच्या गड्याचं काम होतं, त्याला त्यांनी आमच्यासमोर बसवलं आणि सांगितलं, "यांच्याकडून 'हौ' शीक. तुझ्या 'हो'ला इस्त्री केलेली आहे."

तर आठवीत आंतरशालेय नाट्यस्पर्धा होती. नाटक बाईंचंच, एका आळशी म्हाताऱ्या मालकाचं. त्यात मी मोलकरीण गंगू. वाक्य एकच, "मालक, चहा आणलाय, निवून जाईल." मालक झोपलेला असतो, गंगू वाट बघते, पुन्हा सांगते, शेवटी स्वतःच बिस्किट बुडवते आणि ते तुटून चहात पडतं. एवढंच काम. पण मी त्यासाठी जे शनिवार घालवले होते त्याची कल्पना फक्त त्या छत्रीला. त्या दिवशी पडदा वर गेला. मी आत गेले, समोर अंधार, वर कुठंतरी पंखे. अंधारात मी शेवटची रांग शोधली आणि तिकडे वाक्य फेकलं. छत्री उघडली नाही! आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्या वाक्याला ऐकू गेले होते. मग मला असा काही जोर आला की बिस्किट पडल्यावर मी नुसती कपाकडे बघत उभी राहिले, आणि अख्खं सभागृह हसलं. तो आवाज अजून कानात आहे.

परीक्षक पुण्याहून आलेले मोठे नटवर्य होते. नाटक संपल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि प्रेमानं विचारलं, "बाळ, नाटक कधीपासून शिकतेस?" मी खणखणीत आवाजात सांगितलं, "परवापासून." ते थक्क झाले. "परवापासून? म्हणजे... परवापासून?" "हौ," मी म्हटलं. बक्षीस समारंभात त्यांनी माझ्यावर छोटं भाषणच केलं. अवघ्या दोन दिवसांच्या शिक्षणात या मुलीनं काय साधलं आहे बघा, याला म्हणतात उपजत प्रतिभा... आणि खास उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून मला स्टीलचा एक डबा दिला. आमच्या शाळेची पोरं जोरजोरात टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, दोन दिवस म्हणजे पुण्याकडे दीड वर्षाला म्हणत असतील.

बाईंच्या मात्र लक्षात आलं. समारंभानंतर माझा हात धरून, डब्यासकट, त्या मला परीक्षकांसमोर घेऊन गेल्या. "हिचं परवा आणि तुमचं परवा वेगळं आहे," म्हणत त्यांनी सगळा खुलासा केला. मी डबा पुढे केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, बहुधा 'पानी'च. परीक्षक इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. "ठेव ठेव," ते म्हणाले, "दोन दिवसांत येणारी प्रतिभा मी पुष्कळ पाहिली आहे. पण दीड वर्षं एका वाक्याला चिकटून राहणारी तू पहिली." परतताना रिक्षात बाई स्वतःशीच खुदुखुदु हसत होत्या. त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'परवा'. सुधाकर तर अजून मला वैजयंती म्हणत नाही, परवाबाई म्हणतो.

पुढे मी नटी वगैरे काही झाले नाही. बँकेत लागले. पण काउंटरवर बसून मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पेन्शनरला जागेवरून ऐकू जाईल असं बोलणारी आमच्या शाखेत मी एकटीच आहे, आणि हे शिक्षण मला कोणत्या बँकेनं दिलेलं नाही. घर, संसार, बदल्या यातून जमेल तसं मी शनिवारी शाळेत डोकावत राहिले. मुलं बदलत गेली. आताची मुलं संवाद फोनवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतात, 'बाई' म्हणत नाहीत, 'मिस' म्हणतात. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. "कशातून का वाचेनात, बोलतात तर मराठीच ना," म्हणायच्या. पुण्याला मुलाकडे गेल्या की पंधरवड्यात परत. का आलात विचारलं तर तक्रार एकच, तिथं सगळे बरोबर बोलतात, कंटाळा येतो.

शेवटची भेट चिक्कडपल्लीच्या त्यांच्या घरी झाली, छत्री दिली तेव्हाची. कानाचं मशीन टेबलावर डबीत पडलेलं. मी ओरडून विचारलं, "बाई, मशीन का लावत नाही?" तर मिश्किल हसल्या. ऐकायला बरीच वर्षं येत नव्हतं म्हणे! "मग शनिवारी तुम्हाला कसं कळतं, पोरांचं ऐकू येतंय की नाही?" "नाहीच कळत. अधूनमधून छत्री उघडते. उघडली की पोरं मोठ्यानं बोलतातच, मशीन कशाला लागतंय?" मी हसून हसून बेजार झाले. मग त्यांनी डबीचं झाकण लावलं. म्हणाल्या, "वैजू, मी नसले की शनिवारी त्या हॉलात अबॅकसचे क्लास घालतील बघ." "काहीतरीच काय बोलता, बाई!" "अगं, गणिताला मी वाईट म्हणत नाही. पण गणिताला शाळेत बाकीच्या खोल्या आहेत. ज्या पोरांना बोलताच येत नाही त्यांनी कुठं जायचं? तू कुठं गेली असतीस?" मी छत्री उचलली आणि शनिवारच्या आत आणते म्हणून उठले.

बाईंचं बोलणं अक्षरशः खरं व्हायला निघालं. शाळेनं त्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. जुने विद्यार्थी भरपूर आले, भाषणं झाली, मंगला रडली, पंखा खडखडत होता. सभा संपल्यावर मुख्याध्यापिका मॅडमनी आम्हा काही जणांना थांबवून घेतलं. त्या अलीकडेच पुण्याहून आलेल्या, चांगल्या आहेत, मोकळेपणानं बोलल्या. अबॅकसवाल्यांनी शनिवारसाठी हॉल मागितला आहे, पालकांचीही मागणी आहे. स्नेहसंमेलनाचं नाटक अर्धवट बसलंय. नाटकाचा तास चालवायला तुमच्यापैकी कोणी उभं राहणार असेल तर हॉल ठेवते, नाहीतर पुढच्या शनिवारपासून त्यांना द्यावा लागेल. इतका वेळ भाषणांत बाईंचा वारसा, बाईंचा वारसा म्हणणारे आम्ही सगळे... आता जमिनीकडे बघायला लागलो. बाईंसारखं आपल्याला जमणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि आत्ता कोणी बोललं नाही तर संपलंच सगळं, हेही तितकंच स्वच्छ.

"मी घेते," मी म्हटलं. पण असं, की दुसऱ्या बाकापर्यंतही पोचलं नसेल.

"काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"मी घेते!" या वेळी पंख्याच्या वरून गेलं. मॅडम दचकल्या, मग वहीत नाव लिहून मान वर करत म्हणाल्या, "छान. पण पालक विचारतील हो. तुम्हाला नाटकाचा अनुभव कधीपासूनचा?"

मी तोंड उघडायच्या आत मागून सुधाकर गरजला, "परवापासूनचा आहे, मॅडम!"

आणि आम्ही सुटलो. मंगला रुमालात तोंड खुपसून, सुधाकर भिंतीला टेकून, मी तर बाकावर बसलेच. बाईंचा हार घातलेला फोटो समोर, उदबत्ती जळतेय आणि आम्ही चाळिशी उलटलेली माणसं पोट धरधरून हसतोय. मॅडम बिचाऱ्या एकदा आमच्याकडे, एकदा फोटोकडे बघत होत्या. त्यांना सगळी गोष्ट सांगितली तेव्हा त्याही हसल्या. अबॅकसला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली.

पहिल्या शनिवारी मी हॉलमध्ये शिरले तेव्हा मुलं आधीच रंगमंचावर होती. मी पंखा लावला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले, छत्री मांडीवर. या वर्षी बाईंनी पुन्हा तेच आळशी मालकाचं नाटक घेतलं होतं आणि गंगू होती सान्वी नावाची एक काटकुळी मुलगी, जूनपासून बाईंकडे येणारी. ती कपबशी धरल्यासारखे हात करून आत आली, ओठ हलले, पण माझ्यापर्यंत फक्त पंख्याची खडखड आली. माझा हात छत्रीच्या मुठीवर गेला आणि तिथंच अडकला. ती छत्री बाईंची होती. ती दुसऱ्या कोणाच्या हातून उघडणं म्हणजे बाई आता नाहीत यावर मी स्वतः सही करण्यासारखं होतं. ते माझ्याच्यानं होईना. मी नुसती बसून राहिले. मुलंही थांबली. सान्वी रंगमंचाच्या कडेला आली, डोळ्यांवर हात धरून तिनं माझ्याकडे बघितलं आणि वैतागून ओरडली,

"मिस, ऐकू नै आलं ना? मग छत्री उघडा ना!"

हे मात्र शेवटच्या बाकापर्यंत लख्ख पोचलं. मी खटका दाबला. म्हाताऱ्यानं बसवलेल्या काड्या एका दमात ताणल्या गेल्या, फट्! समोर सगळं काळं झालं आणि त्या काळोखाआड मला जे काय रडायचं होतं ते मी रडून घेतलं. पलीकडून, पंख्याच्या खडखडीच्या कितीतरी वरून, एक काटकुळा आवाज येत होता, "मालक, चहा आणलाय, निवून जाईल!" मग बिस्किट पडलं असावं, कारण मुलं हसली. मग धावत उतरणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि छत्रीच्या कडेखालून मला सान्वीचे दोन रिकामे हात दिसले.

"मिस, आता तरी आलं ना ऐकू? बंद करा ना छत्री."

"आलं गं, आलं," मी छत्रीआडूनच म्हटलं. "पण कप कुठं गेला?"